एका पानावर दोन हात

वाल्मीक खैरनारने पाणी चोरलं, असं भोरटेक गावात कुणी माणसाने सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण सांगणारं माणूस नव्हतं. सांगणारी होती वही. आणि २०४४ सालात वही खोटं बोलत नाही, हे सरपंचापासून पारावरच्या रिकामटेकड्यांपर्यंत सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं.

ही वही म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची भानगड डोक्यावरून जाईल.

झांजरी नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून निघालेला पाट एका काळ्या खडकापाशी दुभंगतो आणि दोन फडांना जातो. फड म्हणजे शेतांचा एक मोठा तुकडा. त्यातली शेतं वेगवेगळ्या घरांची, पण पीक एक आणि पाणी पाळीचं. वरल्या फडाचं दार वाल्मीककडे, खालच्या फडाचं चुडामण बागूलकडे. दोघंही पाटकरी. पाणी सोडायचं, अडवायचं, शेतोशेत फिरवायचं, हेच त्यांनी पंचविशीपासून केलं आणि आता दोघंही साठीला टेकले होते.

गेल्या दिवाळीत नदीमंडळाने दारांना मोटारी बसवल्या आणि बंधाऱ्यावर एक लोखंडी खोकं उभं केलं. पाटकऱ्याने मोबाईलवर बटण दाबायचं, खोक्याने ते पानावर लिहायचं आणि मोटारींनी शेवटी त्या पानाप्रमाणे वागायचं. अशा अकराशे नद्या, अकराशे खोकी. त्या सगळ्या पानांची मिळून झाली वही. खरं सांगायचं तर लोक खूश होते. कुणाच्या शेतात किती पाणी गेलं हे कुणालाही बघता येई, आणि भांडणं निम्म्यावर आली होती.

तर झालं असं. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी वरल्या फडाची पाळी संपली. वाल्मीकने दार बंद केलं आणि तो बायकोला घेऊन मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेला. शुक्रवारी दुपारी परत येतो, तर दारात चुडामण उभा.

"दार उघडं टाकून जेवणावळी झोडायला गेलास?"

"कुठलं दार?" वाल्मीकच्या हातात अजून पिशवी होती.

"तुझं. काल दुपारी मंडळाला सांगून बंद करवलं, तोवर सताड उघडं होतं. निम्मं पाणी वरल्या फडात गेलं. पाटाच्या शेंड्याला असलेल्या माझ्या चार एकरांत थेंब पोचला नाही. गहू चिकात आहे, दाणा अजून भरायचाय, वाल्मीक! पुढची पाळी बारा दिवसांनी. तोवर दाण्याचं भुसकट होईल."

"ओ भाऊजी, आधी आत या, बसा," वाल्मीकची बायको सिंधू म्हणाली.

"बसायला नाही आलो, वहिनी." चुडामणने मोबाईल पुढे केला. "हे बघ. सहा वाजून चार मिनिटं. 'खालचं दार उघडलं, चुडामण बागूल.' तुझी ओळ दाखव मला. कुठाय?"

वाल्मीकने पान वर सरकवलं, खाली सरकवलं. त्याची ओळ नव्हतीच. बुधवारी त्याने दार बंद केल्याची एक खूणही तिथे नव्हती.

"मी दाबलं होतं," तो म्हणाला. "हिरवी खूण आली. दार खाली बसताना या डोळ्यांनी पाहिलं."

"म्हणजे वही खोटी आणि तू खरा?"

"चुडामण, पस्तीस वर्षं..."

"पस्तीस वर्षंच सांगू नकोस मला! तुझी स्वतःची दोन एकरं त्याच फडात आहेत. ती आपोआप भिजली? पाणीचोर आहेस तू. मंडळाकडे तक्रार टाकलीय मी."

फडाच्या गावात माणसाला आईवरून शिवी दिली तर तो उलट शिवी देतो आणि विसरतो. पाणीचोर ही शिवी नाही, तो डाग आहे. ज्याला लागला त्याच्या हातात पुन्हा कुणी दार देत नाही आणि त्याच्या शेजारी बसून कुणी तंबाखू मळत नाही. वाल्मीक ओट्यावरच बसला. त्याला राग यायला हवा होता, पण त्याला नुसतं रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा निरोप आला. सोमवारी मंडळाचे इंजिनिअर रेगे साहेब बंधाऱ्यावर येतील, चौकशी होईल. वहीतली नोंद कायम राहिली तर वाल्मीककडून दार काढून घेतील आणि त्याच्या नावापुढे 'पाणीचोरी' असं कायमचं लिहिलं जाईल. तोपर्यंत तात्पुरती नोंद पडलीच होती.

शनिवारी दुपारी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. शर्वरी. चुडामणची लेक. नाशिकला राहायची. यंत्रं आपल्या पोटात जे साठवतात ते नीट साठवतात की नाही, हे तपासायची तिची नोकरी. आज दवाखान्याचं यंत्र, उद्या विमानतळाचं.

सिंधूने तिला उंबऱ्यावरच अडवलं. "तुझ्या बापाने काय शिल्लक ठेवलंय, ते न्यायला आलीस?"

"काकू, आधी चहा द्या, मग शिव्या द्या. दोन्ही घेईन."

सिंधूला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. चहा मात्र तिने ठेवला. (ही माणसं आपसात अहिराणी बोलतात. तुमच्यासाठी मी सरळ मराठीत सांगतोय.)

"वाल्मीककाका, बुधवारी नेमकं काय केलं? एकूण एक सांगा. मला साधं वाटतंय म्हणून काही गाळू नका."

वाल्मीकने सांगितलं. तो खडकाच्या डाव्या अंगाला उभा, चुडामण उजव्या अंगाला. मध्ये खडक, त्यामुळे एकमेकांना दिसत नाही. मग हाक द्यायची. "जुनी रीत आहे बाई ती. हाताच्या चाकाची दारं होती तेव्हाची. मी बंद करायला घेतलं आणि तुझ्या बापाने उघडलंच नाही, तर पाणी फुगून पाटाचा बांध फुटतो. म्हणून दोघांनी बरोबर फिरवायचं. मी म्हणायचं 'धररर', तो म्हणणार 'धरलंऽऽ', आणि मग दोघांनी एकदम 'हा!' त्या 'हा'ला एक फेरा."

"आणि आता मोबाईल आल्यावर?"

"आता फेरे नाहीत. एकच 'हा', एकच बटण."

शर्वरीने कप खाली ठेवला. "दोघं एकदम दाबता?"

"मग काय वेगवेगळं दाबायचं? बांध फोडायचाय?"

ती उठून ओट्यावर चार फेऱ्या मारून आली. मग म्हणाली, "काका, तुमच्या मोबाईलला रेंज कुठल्या टॉवरची?"

"डोंगरावरच्या. तो गेल्याच आठवड्यात सुरू झाला. तुझ्या बापाला गावातल्या टॉवरची. मध्ये खडक आडवा येतो ना."

"अरे देवा," शर्वरी म्हणाली, आणि हसायलाच लागली. सिंधूला वाटलं, पोरगी कामातून गेली.

खोक्याची आणि मंडळाच्या चाचण्यांची कागदपत्रं तिने येतानाच वाचली होती. मग तिने समजावलं. तुम्हीही नीट ऐका.

"समजा, खोक्यात एक फळा आहे. त्यावर सगळ्या दारांची स्थिती आणि नोंदी लिहिल्यात. तुमचं बटण आलं की खोकं मोटारीला लगेच हुकूम सोडतं, तुम्हाला हिरवी खूण दाखवतं आणि फळ्यावर लिहायचं काम एका कारकुनाकडे टाकतं. फळा पक्का लिहायला वेळ लागतो, म्हणून ते सवडीने होतं. दर अकरा मिनिटांनी. म्हणजे खोकं 'झालं' म्हणतं, तेव्हा ते झालेलं नसतं. होणार असतं."

"हे लबाडीचंच झालं," सिंधू म्हणाली.

"घाईचं झालं, काकू. त्याने काम झपाझप होतं, म्हणून सगळी यंत्रं असंच करतात. आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बिघडतं कधी, ते सांगते. दोन टॉवरवरून दोन बटणं आली की कारकून दोन. पहिला फळ्याची नक्कल घेतो. त्यात वरलं दार उघडं, खालचं बंद. तो आपल्या नकलेत वरलं बंद करतो. पण त्याच क्षणी दुसऱ्यानेही तीच जुनी नक्कल घेतलेली असते. तो आपल्या नकलेत खालचं उघडतो. पहिल्याने जे केलं ते त्याला माहीतच नाही. मग पहिला अख्खा फळा पुसून आपली नक्कल उतरवतो. आणि त्याच्यामागून दुसरा येतो, अख्खा फळा पुसतो आणि आपली उतरवतो."

वाल्मीकच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या. "म्हणजे माझं पुसलं."

"तुमचं पुसलं. आता फळ्यावर वरलंही उघडं, खालचंही उघडं. अकरा मिनिटांनी मोटारींनी फळा वाचला आणि तुमचं दार आपलं आपण उघडलं. तुम्ही तोवर घरी."

"मग हे रोज का होत नाही? सगळीकडे का होत नाही?"

"कारण दोन बटणांमधलं अंतर चाळीस मिलिसेकंदांच्या आत लागतं. डोळ्याची पापणी लवायला याच्या तिप्पट वेळ लागतो. एवढं जुळवून कोण दाबणार? आणि मंडळाच्या लॅबमध्ये दोन्ही मोबाईल एकाच टेबलावर, एकाच टॉवरला. तिथे कारकून एकच, त्यामुळे रांग आपोआप लागते. त्यांना दोन लाख वेळा तपासूनही हे दिसलं नसणार." तिने वाल्मीककडे पाहिलं. "अकराशे नद्यांमध्ये ही चूक सापडायला तुमच्यासारखे दोन म्हातारे लागतात, काका. पस्तीस वर्षं एका श्वासात ओरडणारे."

वाल्मीक ताडकन उठला. त्याला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने कोपऱ्यातला झाडू उचलून पुन्हा तिथेच ठेवला. मग त्याचा चेहरा पडला.

"पण हे सोमवारी साहेबाला दाखवायचं कसं?"

तिथेच तर घोडं अडलं होतं. संध्याकाळच्या आत दोघांनी खडकापाशी जाऊन पाहिलं. मंडळाची परवानगी घेऊन मोटारी बंद ठेवल्या, नुसती बटणं चालू. चुडामणच्या जागी शर्वरी. तिने लॅपटॉप उघडा ठेवला होता, त्यावर दोन बटणांमधलं अंतर उमटायचं. दोनशे दहा. तीनशे. एकशे साठ. "एक, दोन, तीन" म्हणून पाहिलं, फोनवर मोजून पाहिलं. अकरा वेळा केलं. नव्वदच्या खाली काही येईना.

"माझ्याने नाही होणार," शर्वरी म्हणाली. "आप्पाच लागतील."

"तू विचार."

"मघाशीच विचारलं. म्हणाले, त्या माणसाबरोबर मी आता प्रेतालाही खांदा देणार नाही."

रविवारी सकाळी वाल्मीक स्वतः चुडामणच्या शेतावर गेला. सिंधू म्हणत होती, नका जाऊ, अपमान करून घ्याल. तो गेला. शेंड्याच्या चार एकरांतला गहू पिवळा पडायला लागला होता. चुडामण बांधावर बसून एक ओंबी तळहातावर चोळत होता. आत दाणा होता, पण बारीक.

"बघायला आलास?"

"हो," वाल्मीक म्हणाला. त्याने वाकून एक ओंबी तोडली आणि तीही चोळून पाहिली. हे त्याने केलं नव्हतं, पण त्याच्या दारातून झालं होतं. "चुडामण, तू मला चोर म्हण. उद्या सकाळी फक्त एकदा हाक दे. पोरीचं खोटं निघालं तर माझं दार मी स्वतः तुझ्या हातात देईन, साहेबाच्या नाही."

"आणि खरं निघालं तर?"

वाल्मीकने यावर विचारच केला नव्हता. "तर काय?"

"तर मी कोण ठरलो?" चुडामण एकदम ओरडला. "गावासमोर तुला चोर म्हणणारा मी कोण ठरलो?"

वाल्मीकने हातातली ओंबी बांधावर ठेवली. आणि तो निघून आला. पण घरी येईपर्यंत त्याला एक कळलं होतं. चुडामणचा वहीवर विश्वास होता असं नाही. वहीवर विश्वास ठेवणं त्याला आता भाग होतं.

सोमवारी बंधाऱ्यावर अख्खं गाव लोटलं. रेगे साहेब सज्जन माणूस, उन्हाची टोपी घालून वेळेवर आले. शर्वरीचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कागदावर शक्य आहे," ते म्हणाले. "पण माझी दोन लाख चाचण्यांची यादी आहे. मला घडताना दाखवा."

"दुसरा पाटकरी आला तर दाखवते."

साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. रेगे साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि मग माणसं बाजूला सरली. चुडामण आला. कुणाकडे न बघता खडकाच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला.

"धररर," वाल्मीकने हाक दिली.

"धरलं."

"हा!"

"हा!"

"एकशे सत्तर," शर्वरी म्हणाली.

दारं पुन्हा जागेवर आणली. दुसऱ्यांदा. दोनशे वीस. उलट वाढलंच. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "नाटकं आहेत सगळी." रेगे साहेबांनी बॅगेतून कागद काढला.

वाल्मीकने मोबाईल खाली घेतला. खडकाला पाठ टेकून तो मोठ्याने म्हणाला, "चुडामण, तू रागात ओरडतोयस. मला शिव्या घालायच्या तर नंतर घाल. आत्ता पाणी दे."

पलीकडून चुडामणचा खाकरण्याचा आवाज आला. मग, जसा इतक्या वर्षांत दर पाळीला यायचा तसा, पोटातून आलेला लांब सूर: "दे रे, दे."

"धरररर!"

"धरलंऽऽऽ!"

"हा!"

या वेळी दोन 'हा' ऐकूच आले नाहीत. एकच आला.

"बावीस!" शर्वरी किंचाळली. "बावीस मिलिसेकंद!"

दोन्ही मोबाईलवर हिरव्या खुणा. वाल्मीकचं दार खाली बसलं, चुडामणचं वर गेलं. सगळं अगदी बरोबर.

"मग चूक कुठे आहे?" रेगे साहेबांनी विचारलं.

"अकरा मिनिटं थांबा साहेब."

आयुष्यात इतकी लांब अकरा मिनिटं वाल्मीकने पाहिली नव्हती. लोक दाराभोवती गोळा झाले. सिंधू पदराचं टोक पिळत होती. दहा मिनिटं झाली. मोटार गप्प. साडेदहा. आणि मग कुणीही हात न लावता, कुणीही बटण न दाबता, मोटार घरघरली, आणि वाल्मीकचं दार सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत वर उचललं गेलं.

जो गलका झाला, तो म्हणे शेजारच्या गावात ऐकू गेला. रेगे साहेबांनी मोबाईलवर वही उघडली. वाल्मीकची ओळ नव्हती. अर्ध्या गावाने त्याला बटण दाबताना पाहिलं होतं आणि ओळ नव्हती.

"पुन्हा," रेगे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. एकोणतीस मिलिसेकंद. या वेळी मात्र वाल्मीकचा कारकून मागून आला. अकरा मिनिटांनी चुडामणचं दार बंद झालं आणि वहीतून चुडामणचीच ओळ गेली. चुडामण आपल्या मोबाईलकडे बघत राहिला. त्याने आत्ताच दाबलेलं बटण, त्याची हिरवी खूण, सगळं होतं, आणि वहीच्या मते त्याने काहीही केलेलं नव्हतं. तो तसाच वळला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

रेगे साहेबांनी टोपी काढली. "खैरनार, चूक आमची आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमचं दार तुमच्याकडेच राहील." लोकांनी वाल्मीकला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तो हसत होता, हात जोडत होता, आणि खडकाच्या पलीकडे बघत होता.

चूक सापडली, आता ती होऊच नये अशी व्यवस्था करायची होती. साहेब आणि शर्वरी बंधाऱ्यावरच्या खोलीत चार दिवस बसले. शर्वरीचं म्हणणं सरळ होतं. फळ्याला कडी लावायची. ज्या कारकुनाकडे कडी, त्यानेच फळ्याला हात लावायचा. दुसऱ्याने थांबायचं, आणि पाळी आली की जुनी नक्कल फेकून फळा नव्याने वाचायचा. जुना फळा पुसून लिहायचं नाही, कोऱ्या फळ्यावर पूर्ण लिहायचं, लिहिलेलं परत वाचून पाहायचं आणि मग एका झटक्यात जुना उतरवून नवा टांगायचा. म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुना तरी धड राहतो, नाहीतर नवा तरी. आणि हे सगळं झाल्यावरच 'झालं' म्हणायचं. तोवर खूण पिवळी.

"पण कडी घेतलेला कारकूनच मध्ये मेला तर?" रेगे साहेब म्हणाले. "टॉवर पडला, कडी त्याच्याचकडे. मग जगबुडी होईपर्यंत सगळी दारं अडकून पडतील."

चहा घेऊन आलेला वाल्मीक दारात थबकला. "पाळीवाला आलाच नाही तर, असं विचारताय ना?"

दोघांनी वर पाहिलं.

"आमच्याकडे पाट कुणासाठी कोरडा ठेवत नाहीत. पाळीवाल्याला दोनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेला पाळी पुढच्याची."

"ते करता येईल," शर्वरी म्हणाली. "पण काका, तो मेलेला नसेल, नुसता उशिरा आला तर? आपली पाळी आहे समजून तो दार उघडेल, की पुन्हा दोन हात एका फळ्यावर."

"उशिरा आलेल्याने दाराला हात लावायचाच नाही. दर पाळीला आकडा असतो. दारावरच्या माणसाने विचारायचं, तुझी पाळी कितवी? सध्या चालू असलेल्या पाळीपेक्षा आकडा मागचा निघाला, की जा घरी. मग तो कुणीही असो, सरपंच असो."

रेगे साहेब आणि शर्वरीने एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी वही काढली, खरीखुरी कागदाची, आणि वाल्मीकला म्हणाले, "बसा. हे पुन्हा पहिल्यापासून सांगा."

तपासणीला अर्थात हाक लागणार होती. रोज सकाळी चुडामण येई, खडकापलीकडे उभा राही, 'धरलं' म्हणे, 'हा' म्हणे आणि निघून जाई. त्याखेरीज महिनाभर त्याने वाल्मीकशी एक अक्षर काढलं नाही. वाल्मीकने त्याच्या गव्हाला मंडळाकडून आगाऊ पाळी मिळवून दिली, तेव्हाही नाही. पन्नास हाका झाल्या. पन्नासही वेळा खूण आधी पिवळी झाली, एक थांबला, दुसरा झाला, मग दोन्ही हिरव्या. पन्नासही वेळा अकरा मिनिटांनी दारं जिथल्या तिथे. चुडामणचा अर्धा गहू वाचला, हेही सांगायला हवं.

मार्च संपायच्या आत अकराशे खोक्यांमध्ये नवी व्यवस्था गेली. आणि मंडळाने जुनी प्रकरणं उकरून काढली, तेव्हा कुठल्या कुठल्या नद्यांवरचे सतरा पाटकरी निघाले, सात बायका आणि दहा पुरुष, ज्यांच्या नावापुढे अशाच हरवलेल्या ओळींमुळे चोरी लागली होती. त्यातल्या एका बाईने फोन करून वाल्मीकला विचारलं, "दादा, तुमच्याकडे देव कोण आहे? मला नारळ पाठवायचाय." वाल्मीक म्हणाला, "शर्वरी बागूल, मुक्काम नाशिक."

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी रेगे साहेब पुन्हा आले. गाव जमलं. साहेबांनी टेबलावर मोठा पडदा लावला आणि त्यावर वाल्मीकच्या नावाचं पान उघडलं. तारीख, वेळ आणि तांबड्या अक्षरांत 'पाणीचोरी'.

"हे आज आम्ही पुसून टाकतोय," साहेब म्हणाले. "सगळ्यांसमोर. जणू कधी लिहिलंच नव्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वाल्मीकने हात वर केला.

"पुसू नका साहेब."

टाळ्या थांबल्या. सिंधू म्हणाली, "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. पुसण्याचाच तर सगळा घोळ होता. एकाने दुसऱ्याचं पुसलं म्हणून हे झालं. आता माझ्यासाठी तुम्ही पुसणार, उद्या आणखी कुणासाठी पुसाल. जे झालं ते राहू द्या. त्याच्या खाली खरं काय ते लिहा."

रेगे साहेबांनी मोबाईल समोर घेतला. मग म्हणाले, "काय लिहू? सांगा."

"मी लिहितो."

मागून आवाज आला. चुडामण उठला होता. शर्वरी त्याला काही म्हणायला गेली, पण त्याने तिला हाताने थांबवलं. तो टेबलापाशी आला, साहेबांचा मोबाईल हातात घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहायला लागला. पडद्यावर एकेक शब्द उमटत होता आणि अख्खं गाव तो वाचत होतं. लिहून झाल्यावर त्याने स्वतः ते मोठ्याने वाचलं, म्हाताऱ्याच्या फाटक्या आवाजात, एकदाही न अडखळता.

"सतरा फेब्रुवारीला वाल्मीक खैरनारने दार बंद केलं होतं. त्याला चोर मी म्हणालो. चुकलो. चुडामण बागूल."

वाल्मीक उठला. त्याने चुडामणला मिठी मारली आणि सगळ्या गावासमोर ढसाढसा रडला, आणि चुडामणही रडला, आणि गावाने बंधारा डोक्यावर घेतला.

त्या दोन्ही ओळी वहीत आजही आहेत. कुणालाही बघता येतात. भोरटेकच्या शाळेत गुरुजी नव्या मुलांना वही कशी वाचायची ते शिकवतात, तेव्हा पहिलं पान हेच उघडतात. मुलं तांबडी ओळ बघतात आणि विचारतात, "गुरुजी, हा चोर होता?" आणि गुरुजी म्हणतात, "खालची ओळ वाच, बाळा. मोठ्याने वाच."